उकळलेल्या बाटलीची नोंद

४ जानेवारी

प्रिय मामा,

फोनवर बोललेलं फाइलला लावता येत नाही असं तुम्ही म्हणता, म्हणून हे पत्र. मी नोकरीत नेमकं काय करते हे तुम्ही प्रत्येक भेटीत विचारता आणि मी सांगायला लागले की हात धुवायला उठता. कागदावर सांगितलं तर निदान पत्र संपेपर्यंत तरी बसून राहाल.

मातीत काही जिवाणू असतात, ते रोपांच्या मुळांशी बिऱ्हाड करतात. मातीत अडकून पडलेलं अन्न मोकळं करून ते मुळांना देतात आणि मुळं त्यांना थोडा गोड रस देतात. दोघांचं बरं चालतं. अशाच एका जातीवर मी दोन वर्षं काम करते आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या कुंपणाच्या भिंतीत, भेगेमध्ये, एक पपईचं झाड उगवलं होतं. ना धड माती, ना कोणी पाणी घालणारं, तरी पठ्ठं माझ्या खांद्याला लागलं. त्याच्या मुळांशी ही जात सापडली. नमुन्यांच्या यादीत तिचा नंबर सत्तेचाळीस, म्हणून आम्ही तिला सत्तेचाळीसच म्हणतो.

काचेच्या बशीत सत्तेचाळीस फार गुणी वागते. आता ती खऱ्या रोपवाटिकेत, खऱ्या पपईच्या रोपांवर चालते का हे बघायचं आहे, आणि त्यासाठी मला तुमची रोपवाटिका हवी आहे. तुमच्याइतकी मेलेली माती मला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. बाकीचे लोक मातीत खत घालतात, तुम्ही तिला वाफेवर शिजवता. अशा मातीत रोपं वाढली तर ती सत्तेचाळीसमुळेच वाढली हे उघड दिसेल.

एकाच पाकिटातलं बी, एकाच दिवशी पेरलेली दोनशे रोपं. शंभर रोपांना जिवाणू द्यायचे, तो गट अ. शंभरांना नुसतं पाणी, तो गट ब. बाकी ऊन, सावली, जागा सगळं सारखं. अधूनमधून उंची मोजायची. एवढंच. कराल ना?

तुमची भाची


९ जानेवारी
जावक क्रमांक १

चि. भाचीबाईस मामाचे आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले व फाइलला लावले. माझ्या मातीचे तू कौतुक केलेस, बरे वाटले. इथे येणारी गिऱ्हाइके मात्र म्हणतात, काका, तुमची रोपे दिसतात देखणी, पण जागची हलत नाहीत. मी त्यांना सांगतो की वाढण्यापेक्षा निरोगी असणे महत्त्वाचे.

तुझी मागणी वाचून मी आधी हात धुतले. एक्केचाळीस वर्षे मी इस्पितळात शस्त्रक्रियेची अवजारे निर्जंतुक केली. माझ्या हातून गेलेल्या एका चिमट्यावरही कधी जिवंत जंतू सापडला नाही. निवृत्तीच्या दिवशी लोकांना घड्याळ मिळते, मला विभागाने वाफेच्या दाबावर जंतू मारणारा जुना ऑटोक्लेव्ह भेट दिला, यावरून काय ते समज. आणि आता माझीच भाची मला पोस्टाने जंतू पाठवणार.

तरीही होकार देतो. तुझ्या आईने शाळेत असताना माझ्या सगळ्या वह्यांना पुठ्ठे घालून दिले होते, आणि त्याची परतफेड व्हायची आहे. बी काल पेरले. तू दोनशे म्हणालीस, मी तीनशे पेरले. इस्पितळात एक कात्री लागणार असेल तर आम्ही तीन तयार ठेवत असू.

तुझा मामा

ता. क. मी मामी. हे पत्र लिहून झाल्यावर ह्यांनी पेन स्पिरिटने पुसलं. तू पाठव बाटली, मी असते लक्ष ठेवायला.


२५ जानेवारी

प्रिय मामा आणि मामी,

सत्तेचाळीस आज पोस्टाने निघाली. अर्ध्या लिटरची बाटली आहे, ताकासारखं गढूळ पाणी दिसेल, घाबरू नका. तिला बंद ठेवा, हलवून घ्या, एका बादलीत चमचाभर मिसळा आणि गट अ च्या प्रत्येक रोपाच्या मुळाशी पेलाभर घाला. गट ब ला तेवढंच साधं पाणी. बाकी नेहमीसारखी स्वच्छता पाळा, ते तुम्हाला सांगायला नकोच.

घाईत आहे.

तुमची भाची


३० जानेवारी
जावक क्रमांक २

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

बाटली सत्तावीस तारखेला मिळाली. वाटेत ती किती जणांच्या हातांतून गेली असेल या विचारानेच माझ्या अंगावर काटा आला. तू 'नेहमीसारखी स्वच्छता पाळा' असे स्पष्ट लिहिले होतेस, त्याप्रमाणे कार्यवाही केली. बाटली ऑटोक्लेव्हमध्ये एकशे एकवीस अंशांवर वीस मिनिटे ठेवली. तपासणीची पट्टी काळीकुट्ट पडली, म्हणजे आत काहीही जिवंत राहिलेले नाही याची मी लेखी खात्री देतो. पट्टी नोंदवहीत चिकटवली असून शेजारी वेळ, तापमान व सही आहे. शेरा: ठीक.

बाटली थंड झाल्यावर एकोणतीस तारखेला गट अ च्या शंभर रोपांना तू सांगितलेल्या मापाने दिली. आता निकालाची वाट पाहतो. मला वाटते तुझ्या कामात माझा अनुभव उपयोगी पडतो आहे.

तुझा मामा

ता. क. मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. दोन तासांत एवढं होईल असं वाटलं नव्हतं. मामी.


२ फेब्रुवारी

मामा,

तुम्ही त्यांना मारलंत.

मी तुमचं पत्र तीनदा वाचलं, मग पाणी प्यायले, मग परत वाचलं. सत्तेचाळीस म्हणजे ते जिवाणूच होते. बाकी बाटलीत नुसतं त्यांच्या खाऊचं पाणी होतं. तुम्ही माझी सगळी मंडळी शिजवलीत आणि वर लेखी खात्री दिलीत.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगणार नव्हते, पण आता सांगते. आमचे विभागप्रमुख आहेत, त्यांना आम्ही आपसांत आकडेसाहेब म्हणतो, कारण आकडा असल्याशिवाय ते तुमच्याकडे वळूनही बघत नाहीत. ते म्हणाले आहेत की एकतीस मार्चपर्यंत प्रयोगशाळेबाहेरचा निकाल हातात आला नाही तर फ्रीजमधला माझा कप्पा रिकामा करायचा. म्हणजे सत्तेचाळीसच्या सगळ्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, आणि मी पाणी तपासणीच्या विभागात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायला. भिंतीतलं ते पपईचं झाड रंगकाम करणाऱ्यांनी गेल्या वर्षी उपटून टाकलं. फ्रीजमध्ये आहे तेवढीच सत्तेचाळीस जगात शिल्लक आहे, मामा.

दुसरी बाटली सोबत पाठवते. ती शंभर रोपं टाकून द्या, ती आता माझ्या कामाची नाहीत. तुम्ही तीनशे पेरलीत हे देवासारखं झालं, उरलेल्यांतली शंभर गट अ म्हणून घ्या. ही बाटली उकळू नका. शिजवू नका, वाफ देऊ नका, स्पिरिटने पुसू नका, ऑटोक्लेव्हच्या खोलीतूनसुद्धा नेऊ नका. मामीने हे वाचून दाखवावं आणि मग चष्मा काढून त्यांच्याकडे बघावं.

भाची


७ फेब्रुवारी
जावक क्रमांक ३

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

तुझे पत्र मामीने वाचून दाखवले व चष्मा काढून पाहिले.

मी चुकलो. बाटलीसोबतचा कागद आधी वाचायला हवा होता, तो आता वाचला. एका चमच्यात पन्नास कोटी असे त्यात लिहिले आहे. अर्ध्या लिटरचा हिशेब मनात सुरू केला आणि मध्येच सोडून दिला. इस्पितळात मारताना मी कधी मोजले नव्हते. तिथे कोणी पाहुणे म्हणून आलेले नव्हते, हे खरे, पण तरी.

दुसरी बाटली स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, गारव्याला ठेवली. पाच तारखेला उघडली. मी आयुष्यात प्रथमच जिवंत जंतूंचा वास मुद्दाम घेतला. भिजवलेल्या पिठासारखा येतो, वाईट नाही. गट अ ला सांगितल्याप्रमाणे दिले, गट ब ला साधे पाणी. पहिल्या शंभर रोपांची योग्य ती व्यवस्था लावली.

तुझ्या कप्प्याचे वाचून मला झोप लागली नाही. साहेबांना जोमदार रोपे दिसली पाहिजेत ना? मी जातीने लक्ष घालतो. तू काळजी करू नकोस.

तुझा मामा

ता. क. बाटली ओट्याखाली आहे आणि कांदे जिन्यात आहेत. तिला त्यांचा वास लागू नये म्हणून. मामी.


२२ फेब्रुवारी
जावक क्रमांक ४

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

पहिली मोजणी सोबतच्या कागदावर आहे. प्रत्येक रोप मी स्वतः पोलादी पट्टीने मोजले. गट अ सरासरी अकरा सेंटिमीटर, गट ब साडेदहा. माझ्या रोपवाटिकेत या वयाचे रोप आजवर सात सेंटिमीटरच्या वर गेलेले नाही. काल एक जुने गिऱ्हाईक आत डोकावले व चुकीच्या फाटकातून आलो असे समजून परत गेले.

मंडळींची प्रकृती उत्तम असावी. सकाळी बाटलीला कान लावला तर काही ऐकू येत नाही, पण टोपण उघडताना हलका फुस असा आवाज येतो. मी तो होकार समजतो.

तुझा मामा

ता. क. हे हल्ली दर गुरुवारी दुपारी सावलीघरात आतून कडी लावून बसतात. बाहेरून विचारलं तर म्हणतात मोजणी चालू आहे. तुझ्या प्रयोगात कडी लावावी लागते का गं? मामी.


२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

अकरा सेंटिमीटर वाचून मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. छान आहे. पण गट ब साडेदहा कसा? त्यांनी मागे राहायला हवं. मागे राहणं हेच त्यांचं काम आहे. ब मागे पडला तरच अ पुढे गेला असं म्हणता येतं.

तुम्ही ब ला पाण्याशिवाय काही देत नाही ना? खरं सांगा.

तुमची भाची


२ मार्च
जावक क्रमांक ५

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

गट ब ला मी तेच देतो जे न्याय्य आहे.

इकडे हवा बरी आहे. मामीचा दात काढला. पोलादी पट्टी नवीन घेतली.

तुझा मामा


२३ मार्च

प्रिय मामा,

शेवटची मोजणी मिळाली. गट अ एकतीस सेंटिमीटर, गट ब तीस. मी दोन दिवस आकडेमोड करत होते, तीन वेगवेगळ्या प्रकारांनी केली. दोन्ही गटांत काहीच फरक नाही. म्हणजे जिवाणू द्या किंवा नुसतं पाणी द्या, पपईला सारखंच. सत्तेचाळीस काही करत नाही.

दोन वर्षं मी त्या भिंतीतल्या झाडावर विश्वास ठेवला. ते बहुतेक आपलं आपणच वाढलं होतं, स्वभावाने हट्टी असेल. आकडेसाहेबांना मी आज सांगितलं. ते रागावले नाहीत, कागद बघून नुसते 'बरं' म्हणाले, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. सोमवारी कप्पा रिकामा करायचा आहे. बाटल्या ऑटोक्लेव्हपर्यंत मीच घेऊन जाईन, दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत.

तुम्ही खूप केलंत. मघाशी फ्रीज उघडून बसले होते, तर कोणीतरी ओरडलं की गारवा जातो. रडू आलं मामा, ते सांगायचं होतं, आईला सांगू नका.

तुमची भाची


२५ मार्च
जावक क्रमांक ६, अति तातडीचे

चि. भाचीबाई,

आशीर्वाद नंतर. आधी कबुली.

सत्तेचाळीस निर्दोष आहे. गुन्हा मी केला आहे आणि तो पुढीलप्रमाणे. गट अ आणि गट ब सावलीघरातल्या एकाच लांब बाकावर समोरासमोर रांगांत आहेत, मध्ये हातभर जागा. मी अ ला बाटलीतले दिले आणि वळून ब ला नळाचे. पहिल्याच आठवड्यात मला ते सोसवेना. एका पंगतीत समोरासमोर बसवून एकाला जेवण वाढायचे आणि दुसऱ्याला पाण्याचा पेला द्यायचा, हे तू कोणत्या पुस्तकात वाचलेस? बाटलीत बरेच उरले होते. जिवंत मंडळी मोरीत ओतण्याचे धाडस, आधीचे प्रकरण ताजे असताना, माझ्यात नव्हते. म्हणून दर गुरुवारी कडी लावून मी गट ब ला दिले.

दुसरे असे की तुझ्या साहेबांना जोमदार रोपे दिसायला हवीत असे मी समजलो. शंभर जोमदार असण्यापेक्षा दोनशे जोमदार असलेली बरी, हा माझा हिशेब होता. मागे राहणे हेच ब चे काम आहे असे तू लिहिलेस तेव्हा काय करून बसलो ते कळले, पण तोवर तीन गुरुवार होऊन गेले होते आणि कबूल करायची लाज वाटली. एक्केचाळीस वर्षांत मी नोंदवहीत खोटे लिहिले नाही. तुला पत्रात लिहिले. त्याची शिक्षा तू दे.

हे दोन्ही गट तुझ्या मंडळींनी वाढवले आहेत. पण हे सिद्ध करायला ज्यांना काहीच मिळाले नाही अशी रोपे आता माझ्याकडे नाहीत. मी तुझा प्रयोग दोनदा मारला. एकदा उकळून आणि एकदा वाढून.

तुझा अपराधी मामा

ता. क. पोरी, हे दोन दिवस जेवले नाहीत, तू रागावू नकोस. एक काम मात्र कर. तू टाकायला सांगितलेली ती पहिली शंभर रोपं, उकळलेल्या बाटलीची, ह्यांनी टाकलीच नाहीत. त्याच बाकावर तिसऱ्या रांगेत उभी आहेत, चिठ्ठी उलटी फिरवून. त्यांना गुरुवारचंही काही दिलं नाही, का तर म्हणे त्यांच्याकडे बघवत नाही. पाणी मात्र वेळेवर. वीतभर पण नाहीत अजून, कोणी विकत घेत नाही, माझ्या मिरच्यांची जागा अडली आहे. तू सांगितलंस तर टाकतील. मामी.


२७ मार्च

मामी, मामा,

टाकू नका. एकही रोप टाकू नका, हलवू नका, त्यांच्याकडे बघवत नसेल तर बघू नका, पण हात लावू नका. हे पत्र मी ओळखीच्या बसचालकाच्या हाती देते आहे, तो वाटेत कुठेही थांबणार नाही असं म्हणाला आहे.

मामा, तुम्ही काय करून ठेवलंत हे तुम्हाला कळलंय का? तेच बी, तोच दिवस, तेच बाक, तेच पाणी, तीच बाटली, फक्त आतली मंडळी मेलेली. इतका चांगला तुलनेचा गट मला स्वतःला सुचला नव्हता. नुसत्या पाण्याशी तुलना केली असती तर कोणीही म्हणालं असतं की बाटलीतल्या खाऊमुळेच रोपं वाढली असतील. पण तिसऱ्या रांगेलाही तो सगळा खाऊ मिळाला आहे, उलट एक आठवडा आधी मिळाला आहे.

आता देवाचं नाव घेऊन एकच सांगा. तिसऱ्या रांगेची उंची तुम्ही मोजलीत का? आणि ती काळी पट्टी वहीत अजून आहे का? मी साहेबांना घेऊन रविवारी येते आहे.

भाची


२९ मार्च, सकाळ
जावक क्रमांक ७

चि. भाचीबाईस आशीर्वाद. हे पत्र तुझ्याच बसचालकाच्या हाती परत पाठवतो. तू निघण्यापूर्वी मिळावे.

तिसरी रांग मोजली का, हा प्रश्न तू मला विचारावास याचे मला दुःख झाले. माझ्या बाकावर उभे असलेले रोप न मोजलेले असेल का? सर्व मोजण्या त्याच दिवशी, त्याच पट्टीने. पहिली साडेसहा सेंटिमीटर, शेवटची अठरा. तुला पाठवल्या नाहीत, कारण तू ती रोपे टाकायला सांगितली होतीस. टाकली का नाहीत म्हणशील, तर जे घडले ते माझ्यामुळे, आणि पुन्हा त्यांनाच उकिरड्यावर पाठवायचे हे मला पटले नाही.

काळी पट्टी पान एकशे बारावर आहे. साहेबांना सांग की आत येताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवावे लागतील. त्यात कोणालाही सूट नाही.

तुझा मामा


४ एप्रिल

प्रिय मामा आणि मामी,

रविवारी तुमच्यासमोर नीट बोलताच आलं नाही, म्हणून सगळं लिहिते. फाइलला लावा.

साहेबांनी बूट न कुरकुरता बुडवले तेव्हाच मला वाटलं की आज काहीतरी वेगळं आहे. मग ते तुमच्या नोंदवहीजवळ बसले. मामी, तू दोनदा चहा गरम केलास, त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. पान एकशे बारा आल्यावर त्यांनी त्या काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. आमच्या प्रयोगशाळेत इतकी नीट नोंद कोणी ठेवत नाही, मीसुद्धा नाही. मग ते तिसऱ्या रांगेपाशी जाऊन उभे राहिले, आणि पहिल्या रांगेपाशी, आणि परत तिसऱ्या. मोजायला पट्टी लागलीच नाही, फरक डोळ्यांनाच दिसत होता.

उकळलेला गट ठेवायची कल्पना कोणाची, असं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही ताठ उभं राहून 'भाचीची' म्हणालात. मामा, मी मागे उभी होते. तेव्हा गप्प बसले, पण परतीच्या बसमध्ये त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. बाटली तुम्ही चुकून उकळलीत, ब ला दयेपोटी दिलंत, मला दोन्हीचा पत्ता नव्हता, सगळं. एक खोटं तुम्ही पत्रात लिहिलंत, दुसरं माझ्या अहवालात नको होतं.

त्यांनी आपले कागद पिशवीत घातले. मला वाटलं संपलं. मग म्हणाले, "मेलेल्यांनी काही केलं नाही, म्हणजे जे झालं ते जिवंत असण्यामुळे झालं. आणि हे त्या माणसाला उकळण्याआधी ठाऊक नव्हतं, उकळल्यावर कळलं." आणि मग आकडेसाहेब हसले. दहा वर्षं तिथे असलेल्या शिपायालाही मी सांगितलं, तर त्याला ते खरं वाटत नाही.

कप्पा राहिला. सत्तेचाळीस जागच्या जागी आहे. साहेबांचं म्हणणं असं की एवढ्यावर छापता काहीच येणार नाही, प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायचा, तुमच्याच बाकावर. तीन गट: जिवंत, उकळलेला आणि नुसतं पाणी. पाण्याच्या गटाची जबाबदारी मामीकडे, तुम्हाला त्या बाजूला फिरकायची मनाई आहे. उकळण्याचं काम मात्र तुमच्याशिवाय कोणाला द्यायचं नाही असा त्यांचा लेखी आदेश आहे, सोबत जोडला आहे. त्यात तुमच्या नावापुढे 'निर्जंतुकीकरण प्रमुख' असं लिहिलं आहे.

दोन बाटल्या पाठवते. एकीवर हिरवी चिठ्ठी आहे, ती तशीच ठेवायची. लाल चिठ्ठीची उकळायची. ह्या वेळी मी स्वतः सांगते आहे, बिनधास्त उकळा.

तुमची भाची


१९ एप्रिल

चि. भाचीस मामीचे आशीर्वाद.

ह्या वेळी पत्र मीच लिहिते, ह्यांना जमेल असं वाटत नाही. तुझा आदेश काच लावून भिंतीवर टांगला आहे. त्याच्याखाली टेबल, आणि टेबलावर तुझी लाल चिठ्ठीची बाटली. ती तिथे चार दिवस नुसती उभी होती.

पहिल्या दिवशी म्हणाले, ऑटोक्लेव्हची रबरी कडी तपासायला हवी. तपासली, चांगली निघाली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज हवा दमट आहे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, तू दाब ना बटण, मी बाहेर उभा राहतो. मी म्हटलं, अहो, आदेश तुमच्या नावाचा आहे, आणि एक्केचाळीस वर्षं काय करत होतात? तर म्हणाले, तेव्हा माझी कोणाशी ओळख नव्हती.

शेवटी काल दुपारी पांढरा कोट घातला, इस्पितळातला. बाटली हातात घेऊन बसले आणि तिला सगळं समजावून सांगितलं. बाकीच्यांचं खरं लोकांना पटावं म्हणून तुम्हाला हे सोसावं लागतं आहे, भाची चांगली मुलगी आहे, तिचा कप्पा राहिला तर तुमचे पन्नास कोटी भाऊबंद सुखात राहतील, असं काही काही. मी दाराआडून ऐकत होते. मला हसू येत होतं आणि डोळ्यांना पदरही लावावा लागत होता. मग बटण दाबलं आणि पूर्ण वीस मिनिटं उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

सगळं रीतसर झालं आहे, पट्टी काळी पडली, सही केली. फक्त वहीचं ते पान तुझ्या साहेबांच्या हाती देण्याआधी तू एकदा बघून घे. शेऱ्याच्या रकान्यात एक्केचाळीस वर्षं 'ठीक' लिहिणाऱ्या माणसाने काल 'वाईट वाटले' असं लिहिलं आहे. मी खोडा म्हटलं, तर म्हणतात की वहीत आता खोटं लिहायचं नाही.

पाण्याच्या गटाची काळजी करू नकोस. त्या बाजूच्या दाराला मी कडी लावली आहे, बाहेरून.

तुझी मामी